झाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात

टाइपकाकांना इंग्रजी येत नाही, ही गोष्ट त्यांच्या बायकोला, मुलीला, शेजाऱ्यांना आणि खुद्द टाइपकाकांना वयाच्या छपन्नाव्या वर्षी एकाच आठवड्यात कळली. तोवर सगळ्यांचा समज असा, की या माणसाएवढं इंग्रजी आसपासच्या चार गल्ल्यांत कुणाला येत नसणार. आणि समज का नसावा? एकोणतीस वर्षं हा गृहस्थ रोज दहा ते साडेपाच इंग्रजीच तर टाइप करत होता. पाणीपुरवठा कार्यालयाच्या पत्रव्यवहार शाखेत आधी मशीनवर आणि मग कॉम्प्युटरवर त्यांची बोटं अशी चालायची, की बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना वाटायचं आत पत्र्यावर गारा पडताहेत. त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नव्हतं. कार्यालयात टाइपकाका, बिल्डिंगमध्ये टाइपकाका, आणि दारावरच्या पाटीखालीसुद्धा कुणीतरी खडूने टाइपकाकाच लिहून ठेवलं होतं.

आता यातली गोम ऐका. टाइपकाकांना तरुणपणी टायपिंग शिकवणारे सर हातात पट्टी घेऊन वर्गातून फिरायचे आणि एकच मंत्र द्यायचे. डोळ्यांनी घ्यायचं, बोटांनी सोडायचं, मधे डोकं घालायचं नाही. वाचलं की मत होतं, मत झालं की बोट अडतं, आणि बोट अडलं की चूक होते. टाइपकाकांनी हा मंत्र नुसता पाठ केला नाही, तर आयुष्यभर पाळला. बदल्यांचे हुकूम, पाइप फुटल्याचे अहवाल, निलंबनं, निविदा, सगळं त्यांच्या डोळ्यांतून शिरून बोटांतून बाहेर पडलं आणि वाटेत डोक्याला त्याची गंधवार्ता नाही. एकदा स्वतःच्याच रजेच्या नामंजुरीचं पत्र त्यांनी सुबक टाइप करून साहेबांपुढे ठेवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी आनंदाने रजेवर गेले होते. मशीनकडून ज्या कामाची अपेक्षा असते तेच ते करत होते, आणि त्यात त्यांची एकही चूक कधी निघाली नव्हती.

तर एका सोमवारी हेडक्लार्क त्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हेडक्लार्क वयाने लहान, चार वर्षांपूर्वी बदलून आलेले.

"काका, परिपत्रक पाहिलंत ना?"

"कुठलं?"

"अहो, गेल्या बुधवारी तुम्हीच तर टाइप केलंत. इंग्रजी संभाषण चाचणीचं."

टाइपकाकांनी खण उघडला. तिसरी प्रत ते नेहमी आपल्या खणात ठेवत. कागद होता, आणि खाली डाव्या कोपऱ्यात त्यांची आद्याक्षरंही होती, म्हणजे टाइप त्यांनीच केला होता यात शंका नव्हती. त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला, पण सवयीने डोळ्यांनी घेतलं आणि बोटं नुसती टेबलावर नाचली. शेवटी हेडक्लार्कांनीच मतलब सांगितला. पत्रव्यवहार शाखेतल्या झाडून सगळ्यांची सहा आठवड्यांनी तोंडी चाचणी. मुख्यालयातून समिती येणार, समोर बसवून इंग्रजीत गप्पा मारणार, आणि जो नापास होईल त्याची रवानगी भांडार शाखेत. हेडक्लार्कांनी हे सगळं सूचनाफलकावर वाचलं होतं. फलकावर पहिलं पान वर होतं आणि दुसरं त्याच्या पोटात टाचलेलं होतं, पण दुसऱ्या पानावर 'प्रत माहितीसाठी' यापलीकडे काही नसतं हे कार्यालयातल्या शिपायालाही माहीत असतं, त्यामुळे पान उलटण्याचा उपद्व्याप कुणीच केला नाही.

भांडार शाखा म्हणजे तळघर. तिथे खिडकी नाही. फिनेलचे कॅन, बादल्या, झाडू, पाइपांचे जोड आणि एक लुकलुकणारी ट्यूबलाइट. जो खाली गेला त्याच्याबद्दल वरच्या मजल्यावर पहिले आठ दिवस हळहळ व्हायची आणि नवव्या दिवशी त्याच्या खुर्चीवर कुणीतरी छत्री ठेवायचं. टाइपकाकांचा एक जुना मित्र तिथे स्टोअरकीपर होता. त्याला बातमी कळली तेव्हा तो जिन्यातून वर आला आणि म्हणाला, "ये की खाली. आमच्याकडे इंग्रजीचा त्रास नाही. आमच्याकडे कुणी बोलतच नाही." निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, खिडकीजवळची खुर्ची, तिच्यामागे स्वतः लावलेली कुंडी, आणि शेवटी निरोप समारंभ काय झाडूंच्या मधोमध व्हायचा? टाइपकाकांना त्या दिवशी डबा गेला नाही.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "इंग्रजीची परीक्षा ना? मग तुम्हाला काय कठीण आहे?"

टाइपकाकांनी सत्य सांगितलं. सांगताना त्यांना इतकी लाज वाटली की ते खुंटीवरच्या पिशवीकडे बघत बोलले. बायकोने हातातली वाटी खाली ठेवली. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि या माणसाला इंग्रजी येतं या एका गोष्टीवर तिने माहेरी बरंच काही निभावून नेलं होतं.

मुलगी मात्र खूश झाली. ती जवळच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला इंग्रजी शिकवायची आणि तिला घरात सगळे बाई म्हणत, कारण ती घरातही तशीच बोलायची. "बाबा, काळजी नको. सहा आठवड्यांत माझी तिसरीची मुलं घडाघडा बोलतात. तुम्हाला ऐंशी टक्के शब्द माहीतच आहेत, फक्त ते बोटांत अडकलेत. ते आपण तोंडात आणू." मग तिने पद्धत सांगितली. घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या इंग्रजी नावाची चिठ्ठी चिकटवायची. वस्तू दिसली की नाव मोठ्याने म्हणायचं. दहा नावं बरोबर आली की एक चांदणी. चांदण्या चमकत्या कागदाच्या होत्या आणि त्या शर्टाच्या खिशावर चिकटवायच्या होत्या.

इथून पुढे जे झालं त्याला मुलगी जबाबदार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिने चिठ्ठ्या म्हटलं होतं. कार्यालयाने मोडीत काढलेलं एक मशीन टाइपकाकांनी कधीकाळी घरी आणून ठेवलं होतं. ते त्यांनी पलंगाखालून ओढलं, कार्बन लावले आणि चिठ्ठ्या तीन प्रतींत काढल्या. मूळ प्रत वस्तूच्या तोंडावर. दुसरी प्रत वस्तूच्या पाठीवर, मूळ गहाळ झाल्यास. तिसरी प्रत फाइलला, क्रमांक आणि तारखेसह. दोन दिवसांत घरात दोनशे अकरा वस्तूंना कागद लागले. चिकटवायला कणकेची खळ केली होती, त्यामुळे तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या आणि चौथ्या दिवशी झुरळं.

"अहो, मिठाच्या डब्याला दोन-दोन कागद?" बायको म्हणाली. "मीठ काय पळून जाणार आहे का कुठे?"

"नियम तो नियम," टाइपकाका म्हणाले.

"मग मलाही लावा एक. कुणाची कोण ते विसराल."

टाइपकाकांनी ते गंभीरपणे घेतलं आणि चिठ्ठी टाइपही केली. ती लावायला गेल्यावर काय झालं ते सांगण्यासारखं नाही.

मुलीने एकदा सहज म्हटलं की रोज जे जे दिसतं त्याची नावं यायला हवीत. झालं. चिठ्ठ्या घराबाहेर पडल्या. जिन्याचा कठडा, मीटरची पेटी, पाण्याचा पंप, आणि समोरच्या दारातली मॅनेजरसाहेबांच्या चपलांची मांडणी. मॅनेजरसाहेब बँकेतून निवृत्त झालेले आणि आता बिल्डिंगचे सेक्रेटरी. त्यांनी याआधी टाइपकाकांना फुकटचा सल्लाही दिला होता. "तुम्ही इंग्रजीत विचार करायला लागा, बोलणं आपोआप येईल." टाइपकाकांनी दोन दिवस जिन्यात उभं राहून इंग्रजीत विचार करून पाहिला, पण विचार येण्याआधी 'विषय' आणि 'संदर्भ' येत राहिले आणि तिथेच घोडं अडलं. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींचा सल्ला निराळा होता. त्यांच्या मते इंग्रजी बातम्या मोठ्याने लावून ठेवाव्यात, कानाला वळण लागतं. त्यांनी स्वतःच्या घरात त्या लावल्याही, शेजारधर्म म्हणून, फुल आवाजात, आणि टाइपकाकांच्या छतातून रोज संध्याकाळी जगातलं युद्ध गळायला लागलं.

तर मॅनेजरसाहेबांनी चपलांच्या मांडणीवरची चिठ्ठी पाहिली आणि रीतसर नोटीस काढली. दोन पानी आणि इंग्रजीत. त्यातून आपलंही इंग्रजी कसं आहे ते बिल्डिंगला दाखवावं हा आतला हेतू. टाइपकाकांना नोटीस हातात पडताच बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ओळखीचं काहीतरी समोर आलं होतं. त्यांनी बैठक मारली आणि दहा मिनिटांत झकास उत्तर टाइप केलं. आपलं पत्र मिळालं, त्यातील सर्व मुद्द्यांची नोंद घेतली असून पूर्तता त्वरित करण्यात येईल. असली उत्तरं त्यांनी हजारांनी काढली होती. फक्त नोटिशीत काय आहे ते वाचायचं राहिलं. वाचत नसतात ते.

नोटिशीत असं होतं, की संबंधितांनी चारही मजल्यांचा कठडा स्वखर्चाने खरवडून रंगवून द्यावा.

"मी हे त्यांना घाबरवायला लिहिलं होतं," मॅनेजरसाहेब नंतर सगळ्यांना सांगत होते. "मला काय माहीत ते लेखी कबूल करतील म्हणून. आता लेखी आलंय म्हटल्यावर माझाही नाइलाज आहे."

दोन रविवार टाइपकाका डोक्याला रुमाल बांधून कठडा रंगवत होते. येणारा-जाणारा प्रत्येक जण, "काय टाइपकाका, रंगाला इंग्रजीत काय म्हणतात?" एवढं विचारूनच पुढे जायचा. पहिले चार जण झाल्यावर टाइपकाकांनी उत्तर द्यायचं सोडलं.

त्याच काळात घरात इंग्रजी तास सुरू होता. संध्याकाळी सात ते आठ घरात मराठीचा शब्द काढायचा नाही, असा मुलीचा हुकूम. बायकोने त्यावर तोडगा काढला. तिने त्या तासात बोलायचंच नाही असं ठरवलं. तिचा राग असा की सबंध दिवसात नवरा घरी असतो आणि मोकळा असतो असा तोच काय तो तास, आणि तोही सरकारजमा. ती भाजी निवडत गप्प बसायची आणि बाप-लेकीचं ऐकायची. टाइपकाकांना प्रश्न विचारला की त्यांची बोटं मांडीवर, गादीवर, जे मिळेल त्यावर नाचू लागत. मुलगी पट्टी आपटून म्हणायची, "बाबा, बोटं नाही. तोंड." मग बोटं थांबायची आणि त्यांच्याबरोबर सगळंच थांबायचं.

एका संध्याकाळी मुलगी वर मावशींकडे ब्लाउज आणायला गेली, बायको गॅलरीत कपडे काढत होती, आणि टाइपकाका गॅसजवळ उभे होते. पातेल्यात दूध वर येत होतं. तास चालू होता. टाइपकाकांना गॅसला इंग्रजीत काय म्हणतात ते येत होतं, पातेल्यावर चिठ्ठी होती, दूधही येत होतं. पण दूध जे करत होतं त्याला काय म्हणतात ते कुठेच चिकटवलेलं नव्हतं. त्यांनी गॅलरीकडे तोंड करून हाक मारली, "काइंड अटेन्शन, प्लीज." बायकोने मान वळवली आणि नेमाप्रमाणे काही बोलली नाही. "मिल्क," टाइपकाका म्हणाले. "मिल्क. अर्जंट. नेसेसरी अ‍ॅक्शन." तेवढ्यात दुधाने स्वतःच कारवाई केली. गॅस आपण बंद करू शकलो असतो हे टाइपकाकांच्या लक्षात आलं तेव्हा ओट्यावरून दूध खाली चाललं होतं आणि बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. ती आठ वाजेपर्यंत थांबली. आठ वाजून एक मिनिटाने जे तिने सुरू केलं ते मावशींच्या बातम्यांच्या वरताण ऐकू आलं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे, मुंग्या आणि झुरळांना वैतागून बायकोने दुसऱ्या रविवारी स्वयंपाकघर साफ करायला काढलं. नवरा जिन्यात रंगवत होता, मुलगी शाळेच्या शिबिराला चार दिवस गेली होती. तिने सगळ्या चिठ्ठ्या काढल्या, भांडी घासली, वाळवली, आणि नवऱ्याचं नुकसान नको म्हणून माणुसकीने सगळ्या चिठ्ठ्या परत चिकटवल्या. कुठली कुठे, ते तिने पाहिलं नाही. तिच्या लेखी कागद तो कागद. टाइपकाकांनी मग चार दिवस मान खाली घालून पाठांतर केलं. किसणीवर लॅडल होतं, ते लॅडल म्हणाले. गाळणीवर रोलिंग पिन होतं, ते रोलिंग पिन म्हणाले. झाऱ्यावर ग्रेटर होतं आणि झाऱ्याकडे बघून त्यांनी ग्रेटर हा शब्द पन्नास वेळा म्हटला. मुलगी परत आली, स्वयंपाकघरात शिरली आणि तिथेच पिढ्यावर बसली.

चिठ्ठ्या पुन्हा लावून झाल्या, पण टाइपकाकांच्या डोक्यात आता प्रत्येक भांड्याला दोन नावं झाली होती आणि दोघं एकमेकांना धक्के मारत होती. त्यातून झाऱ्याचं तर खरं नाव मुलीलाही नक्की सांगता येईना. ती आधी एक म्हणाली, मग कोशात बघून दुसरं म्हणाली, मग "बाबा, झारा विचारणार नाहीत," असं म्हणून विषय संपवला. चाचणीला तीन दिवस उरले होते. टाइपकाकांच्या खिशावर एकूण दोन चांदण्या होत्या, आणि त्यातली एक मुलीने दया येऊन दिलेली होती.

चाचणीच्या दिवशी कार्यालयात जो तो ओठांतल्या ओठांत इंग्रजी पुटपुटत होता. सभागृहात समिती बसली होती. मुख्यालयातले एक मोठे साहेब आणि महाविद्यालयातल्या इंग्रजीच्या एक प्राध्यापक बाई. हेडक्लार्क दारात उभे राहून नावं पुकारत होते. स्टोअरकीपर उगाचच दोनदा वर येऊन टाइपकाकांकडे बघून गेला. दुसऱ्यांदा तो हळूच म्हणाला, "तुझ्यासाठी एक खुर्ची पुसून ठेवलीय." त्याने ते प्रेमाने म्हटलं होतं, पण टाइपकाकांनी आपल्या खुर्चीचे हात घट्ट धरले.

आत गेल्यावर साहेबांनी हसून इंग्रजीत सांगितलं की स्वतःबद्दल काही सांगा.

टाइपकाकांचं डोकं रिकामं झालं. दोनशे अकरा चिठ्ठ्यांपैकी एकही जागेवर नव्हती. एक मिनिट गेलं. प्राध्यापक बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. ग्लासचं नावसुद्धा आठवेना. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि कागदाकडे मान वळवली, आणि टाइपकाकांना ट्यूबलाइट लुकलुकताना दिसली. तेव्हा त्यांनी मुलीचा हुकूम मोडला. दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि बोटांना मोकळं सोडलं.

बोटांनी वेळ घालवला नाही. त्यांना इतक्यातलं जे चांगलं आठवत होतं ते त्यांनी काढायला सुरुवात केली, आणि टाइपकाकांचं तोंड बोटांमागोमाग चालू लागलं. क्रमांक. तारीख. विषय. संदर्भ. परिच्छेद एक. साहेबांचं पेन थांबलं. इतकं खणखणीत, अडखळण नसलेलं इंग्रजी त्यांनी सकाळपासून ऐकलं नव्हतं. परिच्छेद दोन. परिच्छेद तीन. अनुत्तीर्ण कर्मचाऱ्यांची भांडार शाखेत बदली. तिसऱ्या परिच्छेदाच्या सुमाराला टाइपकाकांना जाणवलं की आपण चाचणीचं परिपत्रकच म्हणून दाखवतोय. आणि त्याहून भयंकर म्हणजे, आपल्याला त्याचा अर्थ लागतोय. सहा आठवडे मुलीने एकेक शब्द पकडून त्यांना त्याकडे बघायला लावलं होतं. आता शब्द बोटांतून निघत होते, तोंडातून बाहेर पडत होते आणि कानांतून परत डोक्यात शिरत होते. एकोणतीस वर्षांत त्या वाटेने कुणी गेलं नव्हतं.

पाच. सहा. पान दुसरं. परिच्छेद सात. ज्या कर्मचाऱ्यांची सलग सेवा पंचवीस वर्षांहून अधिक झाली आहे, त्यांना सदर चाचणीतून सूट देण्यात येत आहे.

बोटं थांबली.

साहेबांनी समोरची फाइल उघडली, दुसरं पान काढलं, सातवा परिच्छेद वाचला, आणि चष्म्यावरून टाइपकाकांकडे पाहिलं. तुमची सेवा किती, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"ट्वेंटी नाइन," टाइपकाका म्हणाले.

मग तुम्ही आलात कशाला, असं साहेबांनी विचारलं. आणि ते हसून पुढे म्हणाले की तुम्हाला जायला हरकत नाही.

आता टाइपकाका तसे शांत गृहस्थ. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोरून चार मजल्यांचा कठडा गेला, उतू गेलेलं दूध गेलं, मुंग्या गेल्या, आणि संध्याकाळचा तो मुका तास गेला. संतापाने त्यांचे कान लाल झाले. संताप कुणावर करायचा हेही कळेना, कारण कागदाच्या कोपऱ्यात आद्याक्षरं त्यांचीच होती. त्यांनी दोन्ही हात उचलले, मांडीखाली दाबले, आणि तोंडाने बोलायला लागले. कुठल्याही कागदावर नसलेलं, स्वतःचं.

"नो सर. आय नॉट गो. सिक्स वीक्स आय लर्न. माय वाइफ सिक्स वीक्स नॉट टॉकिंग, सेव्हन टू एट. माय डॉटर गिव्ह मी स्टार, लाइक स्मॉल चाइल्ड. होल बिल्डिंग लाफ. नाउ यू आस्क. आय आन्सर."

प्राध्यापक बाईंनी साहेबांकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. त्यांनी हळू, सोप्या इंग्रजीत विचारलं की तुमच्या स्वयंपाकघरात काय काय आहे ते सांगा.

टाइपकाकांनी सांगितलं. ते अडखळले, एका भांड्याला दुसऱ्याचं नाव दिलं, मग नाही म्हणून परत घेतलं, पण थांबले नाहीत. मीठ कुठे, मुंग्या कुठून येतात, दूध कसं सांडलं, सगळं सांगितलं. आणि सांगता सांगता झाऱ्याशी आले. तिथे मात्र ते बाईंकडे वळले आणि त्यांनी इंग्रजीत गाऱ्हाणंच मांडलं. मोठा चमचा, चपटा, भोकं भोकं, तेलातून काढायला. चिठ्ठी म्हणते ग्रेटर, ते खोटं. मुलगी काल एक म्हणाली, आज दुसरं म्हणते. मॅडम, तुम्ही काय म्हणता?

बाई बोलायला लागल्या आणि थांबल्या. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी फाइलमध्ये पाहिलं. साहेबांनी मग दारातल्या हेडक्लार्कांकडे पाहिलं, आणि हेडक्लार्क दारामागे झाले.

"अ‍ॅट होम," बाई शेवटी म्हणाल्या, "वी से झारा."

"थँक यू," टाइपकाका म्हणाले. "मी टू." आणि उठले.

ते पास झाले, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं. सातव्या परिच्छेदाचं मात्र त्यांना घरी सांगावं लागलं, कारण असली गोष्ट हेडक्लार्कांच्या तोंडून बाहेर फुटायला किती वेळ लागतो? साडेसहाला त्यांनी खणातली तिसरी प्रत मुलीपुढे ठेवली. मुलीने ती वाचली, आईला सांगितली, आणि स्वयंपाकघरात काही तरी बघायला निघून गेली.

"म्हणजे सहा आठवडे ज्या कागदापायी गेले," बायको म्हणाली, "तो तुम्हीच टाइप केला होता."

"हो."

"आणि त्यात लिहिलं होतं की तुम्ही सोडून बाकीच्यांनी जायचं."

"तसंच काहीसं."

"आणि तुम्ही तो वाचला नाहीत."

"टायपिस्ट वाचत नसतो," टाइपकाका म्हणाले. म्हणताना त्यांना स्वतःलाच ते पटेना.

काखेत कळसा आणि गावाला वळसा एवढं तरी बायको म्हणेल असं त्यांना वाटलं होतं. तिने नुसतं घड्याळाकडे पाहिलं. सात वाजायला बराच वेळ होता, पण ती थांबली. ती भाजी घेऊन बसली, निवडत राहिली, आणि बरोबर सातचा ठोका पडल्यावर मान वर करून शांतपणे म्हणाली, "नो टी फॉर यू टुडे. मेक युवरसेल्फ. अँड वॉश द पॅन आफ्टर." सहा आठवडे ती ऐकत बसली होती. उच्चार टाइपकाकांपेक्षा स्वच्छ होते. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तिने डबी उघडली आणि चांदणी आईच्या पदरावर लावली.

दुसऱ्या दिवसापासून टाइपकाकांचा वेग घसरला. पत्र समोर आलं की ते आता आधी वाचायचे. वाचलं की मत व्हायचं, मत झालं की बोट अडायचं, सरांचं म्हणणं अक्षर न् अक्षर खरं होतं. एका पत्रात कार्यालयातल्या साहेबांनी एकाच माणसाची दोन ठिकाणी बदली केलेली त्यांनी काढून दाखवली आणि साहेबांना ते आवडलं नाही. आठवडाभराने साहेबांकडून एक मसुदा टाइप करायला आला. टाइपकाकांनी वाचला. सूट असूनही स्वेच्छेने चाचणी देऊन उत्तीर्ण झालेल्या श्री. अमुक यांनी भांडार शाखेतील अकरा कर्मचाऱ्यांना पुढील फेरीसाठी इंग्रजी संभाषण शिकवावं. मंगळवार आणि शुक्रवार, तीन ते पाच. स्थळ, तळघर.

त्यांनी कागद उलटून सातवा परिच्छेद शोधला. सातवा नव्हता. दुसराही नव्हता. सगळा हुकूम तीन ओळींचा होता. त्यांनी तो तीन प्रतींत टाइप केला, कोपऱ्यात आद्याक्षरं घातली आणि मूळ प्रत स्वतःच्याच हातात दिली.

मंगळवारी तीन वाजता ते चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि खळीची वाटी घेऊन खाली उतरले. ट्यूबलाइट लुकलुकत होती. अकरा माणसं फिनेलच्या कॅनवर हात बांधून बसली होती, आणि त्यांच्यासमोर एक पुसलेली खुर्ची होती. स्टोअरकीपर जागचा उठला आणि हसला.

"आलास ना शेवटी खाली?"

टाइपकाकांनी कोपऱ्यातला एक झाडू उचलून मित्राच्या हातात दिला आणि गठ्ठ्यातल्या वरच्या तीन चिठ्ठ्या काढून त्याच्यासमोर धरल्या.

"एका झाडूला तीन कागद कशाला रे?" स्टोअरकीपर म्हणाला.

"मूळ प्रत दांड्याला, दुसरी मागच्या बाजूला, तिसरी फाइलला," टाइपकाका म्हणाले. "आणि चिकटवायच्या आधी वाच."